शीत न चाचपता

बसा. खिडकीकडच्यांनी बाहेर बघणं बंद करा. ती ढाल टेबलावरच राहू दे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात नववी 'अ'चा दुसरा नंबर आला, काल प्रार्थनेच्या वेळी टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत. का नाही, ते आज सांगणार आहे. माझं होईपर्यंत मधे कुणी बोलायचं नाही.

सोमवारी दुपारी मी व्हरांड्यातून चालले होते. पाचवी-सहावीची पोरं ताटं पुढ्यात घेऊन बसली होती आणि खिचडी कुणी खात नव्हतं. वाटाणे तेवढे वेचायचे आणि भात कडेला सारायचा. एकाला विचारलं, तर म्हणाला, "बाई, तांदळात कॅडमियम असतंय. किडनी जाती." सहावीतलं पोर. त्याला कॅडमियम हा शब्द लिहिताही येणार नाही. पण तुमचा तक्ता त्यानं वाचलाय. लाल शाईत 'भात नव्हे, विष!' आणि खाली कवटी. प्रदर्शनाहून आल्यावर मिरवायला म्हणून तुम्ही तो खिचडीच्या खोलीसमोरच टांगलात.

त्या दिवशी खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी अर्धं पातेलं उकिरड्यावर ओतलं. त्यांना तुमचं कॅडमियम माहीत नाही. त्या माझ्याकडं येऊन विचारत होत्या, "बाई, आज माझ्या हाताला काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापैकी कोण देणार आहे? मान वर करा आणि सांगा.

आणि त्या ओळीत बसलेली पोरं कोण, ते तुम्हाला माहीत आहे. त्यातल्या चौघांचे आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेलेत, पोरं आजीजवळ आहेत. सकाळी चहा आणि बटर, मग थेट ही खिचडी. ते त्यांचं दिवसातलं पहिलं पोटभर अन्न. ते तुम्ही त्यांच्या तोंडातून काढून घेतलंत, आणि तेही विज्ञानाच्या नावानं.

प्रदर्शनात परीक्षकांनी तुम्हाला एकच प्रश्न विचारला होता. "किती नमुने तपासले?" गटप्रमुख खाली बघून म्हणाला, "सर, माहिती मिळवली." मी मागं उभी होते. मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. शितावरून भाताची परीक्षा करतात असं आपल्याकडं म्हणतात. तुम्ही शीतसुद्धा चाचपलं नाही आणि निकाल लावून मोकळे झालात.

तुमचा तक्ता खोटा असता तर मी एवढी चिडले नसते. खोटं खोडून टाकता येतं. तक्त्यात बरंचसं खरं आहे. पण ते कुठलं, केव्हाचं, कुणाच्या शेतातलं, किती, हे सगळं तुम्ही गाळून टाकलंत. पत्ता नसलेलं पत्र कुणाच्याही दारात पडतं. तुमचं पत्र मावशींच्या पातेल्यात पडलं.

आता तो पत्ता मी सांगते. वह्या काढा.

तुमच्या तक्त्यातलं कण्हणाऱ्या बाईचं चित्र जपानचं आहे. तोयामा प्रांत, जिंझू नदी. नदीच्या वरच्या अंगाला कामिओका इथं मित्सुई कंपनीची जस्त-शिशाची खाण. जस्ताच्या खनिजात कॅडमियम असतंच. खाणीचं पाणी वर्षानुवर्षं नदीत गेलं, नदीचं पाणी भाताच्या खाचरांत गेलं आणि लोकांनी तोच भात रोज खाल्ला. बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानंही बरगडी मोडायची. त्या "इताई, इताई" म्हणून विव्हळायच्या. म्हणजे "दुखतंय, दुखतंय". आजाराचं नावच ते पडलं. नोबोरू हागिनो नावाचा तिथलाच डॉक्टर या रुग्णांच्या मागं लागला. १९६८ साली जपान सरकारनं कॅडमियम हे कारण मान्य केलं. १९७१ मध्ये गावकरी खटला जिंकले, आणि दुसऱ्या वर्षी अपिलातही निकाल त्यांच्याच बाजूनं लागला. मग शेतांची विषारी माती बदलण्याचं काम सुरू झालं, ते २०१२ पर्यंत चाललं. आता मला सांगा, ही पन्नास वर्षांची लढाई कशाच्या जोरावर उभी राहिली? कवटीच्या चित्रावर? नदीचं पाणी, खाचराची माती, तांदूळ आणि माणसाची लघवी, या चारही गोष्टी मोजल्या गेल्या, म्हणून कोर्टात कंपनीला पळायला जागा उरली नाही.

दुसरा मुद्दा. भातातच हे धातू जास्त का उतरतात? तुमच्या तक्त्यात याचं उत्तर नाही, कारण तुम्ही विचारलंच नाही. भात पाण्यात उभा असतो. खाचरात पाणी साचलं की मातीतली हवा संपते, लोहाचे जे थर आर्सेनिकला धरून बसलेले असतात ते विरघळतात आणि आर्सेनिक मोकळं होतं. भाताचं मूळ मातीतून सिलिका ओढतं, त्याच वाटेनं आर्सेनिकही आत येतं. बरं, म्हणून पाणी काढून टाकावं, तर उलटंच होतं. माती सुकली, हवा शिरली, की गंधकाबरोबर बांधलेलं कॅडमियम सुटतं, आणि मँगनीजसाठी असलेल्या दारानं ते मुळात जातं. पाणी ठेवलं तर आर्सेनिक, काढलं तर कॅडमियम. भात पिकवणारा शेतकरी असा कात्रीत सापडलेला असतो. हे नीट समजून घेतलं असतंत, तर 'विष' हा एकच शब्द लिहून तुमचं समाधान झालं नसतं.

आणि तुम्ही उपाय काय लिहिलाय? 'तांदूळ जास्त पाण्यात शिजवून पेज ओतावी, म्हणजे सर्व धातू निघून जातात.' सर्व? स्वच्छ, भरपूर पाण्यात शिजवून पेज काढली तर आर्सेनिक बरंच कमी होतं, हे खरं. कॅडमियम दाण्यात घट्ट बसलेलं असतं, ते पेजेबरोबर फारसं जात नाही. उलट जीवनसत्त्वं मात्र जातात. 'सर्व' हा शब्द लिहिताना हात थांबला नाही तुमचा?

तिसरा मुद्दा मूत्रपिंडाचा. हे मात्र तुमच्या वयाच्या प्रत्येकानं पाठ करावं असं आहे. खाल्लेल्या कॅडमियमपैकी थोडंसंच अंगात शिरतं. पण शिरलेलं सहज बाहेर पडत नाही. यकृतात एक प्रथिन त्याला पकडतं, ती जोडी रक्तातून मूत्रपिंडाकडं येते, आणि गाळणीच्या पुढच्या नळ्यांच्या पेशी ती आत ओढून घेतात. तिथं ते साठत जातं. साठलेल्यातलं निम्मं बाहेर पडायला १० ते ३० वर्षं लागतात. या नळ्यांचं काम म्हणजे शरीराला हवं ते परत घेणं. त्या बिघडल्या की आधी बारीक प्रथिनं लघवीतून जाऊ लागतात, मग फॉस्फेट, कॅल्शियम जातं आणि शेवटी हाडं पोकळ होतात. माणसाला पहिली दहा-वीस वर्षं काहीही जाणवत नाही. म्हणून एका ताटातल्या खिचडीनं किडनी जात नाही, आणि म्हणूनच वीस वर्षांच्या ताटांकडं डोळेझाक करूनही चालत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवायला शिका. विज्ञान शिकायचं ते याचसाठी.

'किती' हा शब्द तुमच्या अख्ख्या तक्त्यात एकदाही नाही. पांढऱ्या तांदळासाठी कॅडमियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागं ०.४ मिलिग्रॅम आहे, असेंद्रिय आर्सेनिकची ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर तांदळात मिठाच्या चार-सहा बारीक कणांएवढं. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, वासानं ओळखता येत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. आणि इथं आपली म्हणसुद्धा अपुरी पडते, हे लिहून घ्या. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातला भात एकाच आचेवर शिजतो. पण गोदामातलं एक पोतं एका शेतातलं, दुसरं दुसऱ्या जिल्ह्यातलं. एका पोत्यावरून दुसऱ्याचं सांगता येत नाही. २०१३ साली चीनमधल्या ग्वांगझू शहरात तांदळाचे १८ नमुने तपासले, त्यातल्या ८ मध्ये कॅडमियम मर्यादेबाहेर निघालं आणि देशभर खळबळ उडाली. १८ म्हणजे फार थोडे. पण १८ तरी होते! तुमचे किती? शून्य.

आता आपल्याकडं या. आपल्या जालना जिल्ह्यात भात पिकतो किती? तुमच्या शिवारात कापूस आहे, सोयाबीन आहे, मका आहे, मोसंबीच्या बागा आहेत. तुमच्या आज्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढल्या. घराघरांत रोज भात शिजायला लागला तो रेशनमुळं, आणि तो तांदूळ भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यातून येतो, नाहीतर परराज्यातून. म्हणजे ज्या मातीचा तुम्ही निवाडा केलात, ती माती तुम्ही पाहिलेलीच नाही. प्रश्न आपला नाही असं मी म्हणत नाही. गरिबाच्या ताटात ज्या धान्याचं प्रमाण सगळ्यात जास्त, ते सगळ्यात आधी तपासलं गेलं पाहिजे, ही मागणी शंभर टक्के रास्त आहे. पण मागणी आणि निकाल यांत फरक असतो.

धान्य कधीच दोषी नसतं, असंही कुणी समजू नका. २०२४ च्या डिसेंबरात शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव भागातल्या गावांत माणसांचे केस आठवडाभरात मुठीमुठीनं गळाले. कुणी पाण्याला बोल लावला, कुणी म्हणालं व्हायरस आला. गावांशी सोयरीक करायला लोक कचरू लागले. तेव्हा एक सत्तरी ओलांडलेले डॉक्टर तिथं गेले, गावातून रेशनचा गहू गोळा केला, प्रयोगशाळेत पाठवला आणि त्यात सेलेनियम प्रमाणाबाहेर असल्याचं मांडलं. त्यांचं नाव डॉ. हिंमतराव बावस्कर. आणि हे बावस्कर कुठले? आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे! शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले. कोकणात सरकारी दवाखान्यात विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत मरताना पाहिली, तेव्हा ते खाटेशेजारी बसून राहिले. रक्तदाब, नाडी, घाम, सगळं तासातासाला लिहीत गेले. त्या नोंदींतून प्राझोसिनचा उपचार उभा राहिला आणि शेकड्यानं मरणारे लोक वाचायला लागले. याच माणसानं २०१० साली महाराष्ट्रातल्या रुग्णांवरून पाण्यातले जड धातू आणि निकामी होणारी मूत्रपिंडं यांचा संबंध मांडणारा अहवाल 'क्लिनिकल टॉक्सिकॉलॉजी' या नियतकालिकात छापला.

तुमच्या विषयावर काम केलेला माणूस तुमच्या जिल्ह्यातला निघाला आणि तुमच्या तक्त्यात त्याचं नाव नाही. त्याच्या अहवालातही संशयाचं बोट पाण्याकडं आहे, तांदळाकडं नाही, हे तर तुम्हाला कळण्याचा प्रश्नच नव्हता. तुम्ही मोबाइलवर जपान गाठलंत, देहेड तुम्हाला दिसलं नाही.

आता ज्याचा मला सर्वांत जास्त राग आला, ते ऐका. तुम्ही सातवीत असताना खिचडीच्या तांदळातले थोडे पिवळसर दाणे 'प्लॅस्टिकचा तांदूळ' म्हणून वेचून फेकायचात. मी तेव्हाच सांगितलं होतं. पोषण आहाराच्या तांदळात दर शंभरात एक या प्रमाणात तयार केलेला दाणा मिसळतात. त्यात लोह, फोलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व असतं. आता दोन आणि दोन चार करा. पोटातून लोह आत घेणारं एक दार असतं. शरीरात लोह कमी पडलं की शरीर ती दारं वाढवतं. कॅडमियम त्याच दारानं आत येतं. म्हणजे ज्या मुलीच्या अंगात रक्त कमी, तिच्या शरीरात तेवढ्याच अन्नातून कॅडमियम जास्त शिरतं. जपानात त्या रोगानं बहुतेक बायकांनाच गाठलं, बाळंतपणांनी झिजलेल्या बायकांना, त्यामागं हेही एक कारण मानतात. आणि तुम्ही कॅडमियमच्या भीतीनं सहावीतल्या पोरींना कुठलं अन्न फेकायला लावलंत? लोह घातलेलं! जो रोग टाळायचा, त्याचीच वाट रुंद केलीत. अर्धवट माहितीनं काय होतं ते बघा.

मग कॅडमियमचा शोध घ्यायचाच होता, तर सुरुवात कुठून करायची? तंबाखूचं पान जमिनीतलं कॅडमियम ओढून साठवतं, आणि धुरातून ते पोटापेक्षा कितीतरी सहज अंगात जातं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात ते न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट सापडतं. किती जणांच्या घरात बिडी आहे? हात वर करू नका, मला ठाऊक आहे. तुमच्या तक्त्यावर बिडी का नाही? कारण मावशींना दोष देणं सोपं, आजोबांना सांगणं अवघड.

बिडीनंतर बघायची ती भट्टी. जालना ही सळईची नगरी. गावोगावचं भंगार तिथं वितळतं. भंगारात जस्त चढवलेले पत्रे असतात, रंग असतो, जुन्या यंत्रांचे सुटे भाग असतात. भट्टी पेटली की जस्त, शिसं आणि कॅडमियम वाफेबरोबर उठतं आणि धुळीत बसतं. ती धूळ गाळून पकडली जाते का आणि पकडलेली कुठं टाकली जाते, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. भट्टीवर तुमच्यापैकी तिघांचे वडील कामाला आहेत. घरी आल्यावर त्यांचे कपडे कुठं झटकले जातात, लहान भावंडं त्याच अंगणात रांगतात का, हे तुम्ही कधी पाहिलंत? मी कुणावर आरोप करत नाही. विचारायला सांगते आहे.

आणि किडनीचं म्हणाल, तर आपल्याकडं तिचे मोठे वैरी दोन. न तपासलेला रक्तदाब आणि न तपासलेली साखर. तिसरा वैरी दुखण्याची गोळी. उन्हात दिवसभर राबायचं, पाणी कमी प्यायचं, संध्याकाळी अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून सुटी गोळी आणून घ्यायची. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये हजारो तरुण ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडं गेली. त्यांना ना साखर होती ना रक्तदाब. ऊन, कष्ट आणि तहान हे त्यातलं मोठं कारण असल्याचं तिथले संशोधक सांगतात. आंध्रातल्या उद्दानममध्ये आणि श्रीलंकेच्या भातपट्ट्यात असाच आजार आहे. तिथं जड धातूंचाही तपास झाला, अजून एकमत नाही. 'एकमत नाही' हे लिहिण्यात कमीपणा नसतो. आपल्या जिल्ह्यातून दर वर्षी कोयता घेऊन जाणारी माणसं त्याच उन्हात, त्याच पिकात राबतात. त्यांची पोरं तुमच्या शाळेत आहेत. त्यांच्यासाठी तुम्ही काय केलंत? त्यांची खिचडी फेकायला लावलीत.

गोळीबद्दल मी ऐकीव बोलत नाही. माझ्या वडिलांचे गुडघे दुखायचे. सहा वर्षं ते रोज गोळी घेत होते. चिठ्ठी एकदाच लिहिलेली, ती दाखवून पुढं सगळ्या गोळ्या मीच आणल्या. मी, विज्ञान शिकवणारी. उत्सर्जन संस्थेचा धडा मी त्या सहाही वर्षी वर्गात शिकवला. रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला हवं, हे मला पहिल्यांदा सुचलं तेव्हा त्यांच्या पायांवर सूज आली होती आणि डायलिसिसशिवाय वाट उरली नव्हती. धडा येत असून मी घरात बघितलं नाही. तुम्ही धडा न वाचता गावभर ओरडलात. माझी चूक तुमच्यापेक्षा मोठी होती, म्हणूनच तुम्हाला मी आज सोडणार नाही.

आता काय करायचं ते लिहा. हा गृहपाठ नाही, त्यामुळं याला गुण नाहीत.

येत्या रविवारी आपापल्या घरात बसून एक पान भरा. बिडी-तंबाखू कोण घेतं. दुखण्याची गोळी कोण घेतं, किती दिवसांपासून, कुणाच्या सांगण्यावरून. रक्तदाब शेवटचा कधी मोजला. पिण्याचं पाणी कोणत्या बोअरचं. चाळिशीपुढच्या प्रत्येकाला उपकेंद्रात नेऊन रक्तदाब मोजून घ्या आणि लघवीतलं प्रथिन कुठं तपासून मिळेल ते सिस्टरना विचारा. बोअरच्या पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेला ग्रामपंचायतीमार्फत अर्ज द्यायचा. त्यात 'जड धातूंसह' हे शब्द घालायचे, नाहीतर नेहमीचं तपासून परत पाठवतील. तांदळाचं म्हणाल, तर तीन वेगवेगळ्या महिन्यांच्या पोत्यांतून वरचा, मधला आणि खालचा असा तांदूळ घ्यायचा, पिशवीवर तारीख आणि पोत्यावरची सगळी छापील अक्षरं उतरवायची. अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा खर्च मी मुख्याध्यापकांशी बोलून उभा करते, तो माझ्याकडं लागला. आकडा मर्यादेबाहेर आला, तर तुमच्याबरोबर तहसील कार्यालयात पहिली मी येईन आणि आवाज चढवून बोलेन. आकडा आत आला, तर तोही त्याच भिंतीवर, त्याच मोठ्या अक्षरांत लावायचा.

पण हे सगळं नंतर. उद्या दुपारी अख्ख्या नववी 'अ'नं पाचवी-सहावीच्या ओळीत, त्या पोरांच्या मधे मधे बसायचं. मावशी वाढतील ती खिचडी त्यांच्यासमोर खायची, ताट स्वच्छ करायचं. मी तुमच्या शेजारी बसणार आहे. त्याआधी गटप्रमुखानं मावशींकडं जायचं आणि त्यांच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं, चूक आमची होती, हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मी तिथं उभी राहणार नाही. तू सांगितलंस की नाही, ते मला मावशींच्या चेहऱ्यावरून कळेल.

आता उठ, आणि तो तक्ता उतरवून आण. कवटी खोड. तिच्या जागी एकच शब्द लिही, मोठ्या अक्षरात: 'किती?'